होकायंत्र जागेवर येईपर्यंत

हॅमिल्टन

न्यूझीलंडहून परत आल्यापासून जो भेटतो तो मेंढ्यांबद्दल विचारतो. पाहिल्या. मेंढ्यांसारख्या मेंढ्या. त्यांच्याकडे बघायला एवढं लांब जायची गरज नाही, आणि मीही त्यासाठी गेले नव्हते. माझी धाकटी बहीण नंदा हॅमिल्टनला इस्पितळात फार्मासिस्ट आहे. तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती, आणि तिचा नवरा अविनाश जाऊन दोन वर्षं झाली तरी मी तिच्याकडे जाऊ शकले नव्हते. म्हणून गेले.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचा वैताग कळेल. माझी सगळी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात गेज-रूममध्ये झाली. गेज-रूम म्हणजे मापं तपासायची खोली. बाहेर कारागीर ज्या मापांनी वस्तू तपासायचे ती मापंच बरोबर आहेत का, हे आम्ही आत बसून बघायचो. त्यामुळे कुठलंही यंत्र 'सगळं ठीक आहे' म्हणालं की माझा चटकन विश्वास बसत नाही. घरचे म्हणतात, माणसांवरही बसत नाही.

हॅमिल्टन हे गाडीवाल्यांचं गाव. रस्ते रुंद, फुटपाथ स्वच्छ, आणि त्यावर चालायला कोणी नाही. दुसऱ्याच दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानात दही आणायला पायी निघाले, तर एका बाईनं गाडी थांबवून काच खाली केली आणि 'आर यू ओके, लव्ह?' असं विचारलं. मी म्हटलं, दही आणायला चाललेय. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. कोपऱ्यावरच्या अशा दुकानाला तिथे डेअरी म्हणतात. तिथे ब्रेड, पतंग, फोनची कार्डं, सगळं मिळतं. दही संपलं होतं.

नंदाच्या घरी कपाटात एक ड्रोन होता. कॅमेऱ्याचा, घडी घालून खांद्याला लावायच्या बॅगेत मावणारा. तो अविनाशरावांचा. ते हॅमिल्टनच्या 'ते रापा' भागात दुधाच्या कारखान्यातली यंत्रं सांभाळायचे, आणि शनिवार-रविवारी ग्रॅहम नावाच्या शेतकऱ्याकडे जायचे. रॅग्लनच्या वाटेवर ग्रॅहमचं डोंगराळ शेत आहे. त्यातली एक घळ त्यानं गुरं जाऊ नयेत म्हणून बंद केली होती. त्या घळीच्या वरच्या उतारावर दोघांनी मिळून बरेच हिवाळे कोफायची रोपं लावली. कोफाय हे तिथलं झाड. वसंतात पानं झडतात आणि सगळं झाड पिवळ्या फुलांनी लगडतं. अविनाशरावांनी झाडं लावली, पण फुललेली पाहिली नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मोठा पाऊस झाला आणि त्या घळीत दरड कोसळली. वर जायची वाट गेली. खालून बघावं तर मध्ये दाट झाडी, काही दिसत नाही. माती अजून हलतेय म्हणून ग्रॅहम कोणाला वर सोडत नाही. मी पोचल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा नंदाला फोन आला की ओढ्यातून पिवळ्या पाकळ्या वाहत येताहेत. म्हणजे वर काहीतरी उरलं होतं. काय उरलं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

नंदानं फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली. तिच्याकडे भांडी घासायचं यंत्र आहे.

"ताई," थोड्या वेळानं ती पाठमोरीच म्हणाली, "मला बघायचंय गं. सगळी गेली असतील तर गेली. पण बघायचंय."

तिची मुलगी ऋचा ऑकलंडला माउंट वेलिंग्टनमध्ये कुठल्याशा कंपनीत संगणकाचं काम करते. शनिवार-रविवार घरी येते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर अर्धं इंग्रजीत येतं. तिला सांगितलं तर म्हणाली, "ईझी, मम्मा. डॅडचा ड्रोन आहे ना!"

स्वयंपाकघरात

ईझी कसलं! दोन वर्षं कपाटात पडलेला ड्रोन. त्याच्या तीन बॅटऱ्यांपैकी दोन पुरीसारख्या फुगल्या होत्या. त्या मी हातसुद्धा लावू न देता बाजूला काढल्या, आणि ऋचा त्या बॅटऱ्या घेतात तिथे देऊन आली. उरली एक. ड्रोन चालू केल्यावर त्यानं आधी नवं सॉफ्टवेअर मागितलं. ते उतरवून घेण्यात शनिवारची सकाळ गेली. त्याआधी नंदानं आतलं फोटोंचं छोटं कार्ड काढून देवघराच्या खणात ठेवलं. त्यात अविनाशरावांनी काढलेली जुनी दृश्यं होती, ती या भानगडीत पुसली जायला नकोत म्हणून. शहाणपणाचं होतं. मीच तिला शाबासकी दिली.

नवं सॉफ्टवेअर घेतल्यावर ड्रोन सगळं विसरला. सपाट म्हणजे काय आणि उत्तर कुठे, या दोन्ही गोष्टी त्याला पुन्हा शिकवायच्या होत्या. ऋचा म्हणाली, "दोन मिनिटांचं काम आहे, मावशी." तिनं ड्रोन ओट्यावर ठेवला आणि बटण दाबायला निघाली.

"थांब," मी म्हटलं, "आधी पाती काढ."

"ते उडणार नाहीये. इट्स जस्ट कॅलिब्रेशन."

"नाही उडणार हे तो म्हणतोय. काढ."

"डॅड पण काढायचा," ती पुटपुटली, आणि तिनं चारही पाती काढून वाटीत ठेवली. अविनाशरावांबद्दलचं माझं मत त्या क्षणी आणखी चांगलं झालं.

मग ओटा. मी ताटात पाणी घालून ओट्यावर ठेवलं. पाणी सरळ एका काठाला गेलं. जेवणाच्या टेबलाचंही तेच. लाकडी घर, जमीन कुठे ना कुठे खचलेली. शेवटी टेबलावर नंदाचं संगमरवरी पोळपाट ठेवलं. पोळपाटाला तीन पाय, म्हणजे डुगडुगायचा प्रश्न नाही. एका पायाखाली घडी केलेला कागद सरकवत सरकवत ताटातलं पाणी सगळीकडे सारखं केलं आणि मग ताट काढून ड्रोन ठेवला. पडद्यावर चित्र येईल तसं त्याला पालथं, कुशीवर, नाकावर असं धरायचं आणि मुळीच हलू द्यायचं नाही. नंदानं पंखा बंद केला. आम्ही तिघी श्वास रोखून उभ्या. पडद्यावर हिरवी खूण आली, तेव्हा नंदा हसली. मी आल्यापासून ती पहिल्यांदा मोकळी हसली, आणि मला फार बरं वाटलं.

उरलं होकायंत्र. ते बाहेर करायचं, गाड्यांपासून आणि लोखंडापासून लांब. ऋचानं बॅग गळ्यात अडकवली आणि घरासमोर जाऊन हातात ड्रोन घेऊन स्वतःभोवती फिरली. जमलं नाही. मी म्हटलं, काँक्रीटमध्ये सळया असतात, त्या आड येत असतील. आणि उडवून बघायचं तर गावात सोयच नाही. इस्पितळावर हेलिकॉप्टर उतरतं, त्याच्या आसपास ड्रोन उडवायला बंदी आहे. तिथली माणसं अशी बंदी कोणी बघत नसतानाही पाळतात. मला हे आवडलं, आणि पुण्याच्या आठवणीनं थोडं वाईटही वाटलं.

"उद्या बीचवर जाऊ," ऋचा म्हणाली. "तिथे काहीच नसतं. मग तिथून ग्रॅहमकडे."

रविवारी जाणं भाग होतं. सोमवारपासून वादळी वारे सांगितले होते, आणि वाऱ्यापुढे पाकळ्या किती टिकणार!

रॅग्लन

हॅमिल्टन ते रॅग्लन रस्ता वळणावळणांचा. हिरवे डोंगर, हिरवी कुरणं, त्यात काळ्या-पांढऱ्या गायी. सुरुवातीला बघत राहावंसं वाटतं. मग कंटाळा येतो, आणि मग कंटाळा आल्याची लाज वाटते. नंदा पुढे बसली होती, मांडीवर ड्रोनची बॅग घट्ट धरून. बॅग मागे ठेव म्हटलं तर ऐकेना.

रॅग्लन हे समुद्रावरचं छोटं गाव. तिथे लोक अनवाणी दुकानात येतात, ओल्या पोहण्याच्या कपड्यांनी कॉफी घेतात, आणि कोणाला काही वाटत नाही. आमच्या सोसायटीत नुसता गाऊन घालून कचरा टाकायला गेलं तरी चर्चा होते. खाण्याचं म्हणाल तर माझ्यासारखीची पंचाईतच. 'पाय' म्हणजे तिथली सारण भरलेली पेस्ट्री, तिच्यात मांस, मासा तर सगळीकडे. शेवटी चीज घातलेला स्कोन नावाचा गरम पाव आणि कुमरा म्हणजे रताळ्याचे तळलेले काप खाल्ले. काप अप्रतिम. उपासाला चालले असते, पण तेल कोणतं असेल ते विचारलं नाही.

समुद्रकिनारा पाहून मी जरा थबकले. वाळू काळी. ओल्या जागी तर चक्क तव्यासारखी. वारा मंद, माणसं तुरळक, गाड्या लांब. ऋचानं बॅग वाळूवर टेकली, ड्रोन काढला, बॅग पुन्हा गळ्यात घातली आणि फिरायला लागली. ड्रोननं नकार दिला. पुन्हा फिरली, पुन्हा नकार. तिचं घड्याळ काढायला लावलं, फोन माझ्याकडे घेतला. नकार.

कुत्रं घेऊन चाललेली एक म्हातारी बाई उभी राहून बघत होती. तिनं 'किया ओरा' असा तिथला नमस्कार केला आणि काय चाललंय ते विचारलं. ऋचानं सांगितलं, तशी ती मोठ्यांदा हसली. "होकायंत्र? इथे? अगं पोरी, ही सगळी लोखंडाची वाळू आहे!" असं काहीसं ती तिच्या इंग्रजीत म्हणाली आणि कुत्र्यामागे निघून गेली.

ऋचानं कपाळावर हात मारला. "ओ माय गॉड. शाळेत आम्ही इथे मॅग्नेट घेऊन यायचो, मावशी. मॅग्नेटला दाढी यायची! आय टोटली फरगॉट."

तिथे जन्मलेली ती विसरली, आणि मापांच्या खोलीत जन्म काढलेल्या मला काळी वाळू बघून शंकासुद्धा आली नाही. जगात शोधून होकायंत्र लावायला याहून वाईट जागा सापडली नसती. आम्ही निमूटपणे सामान आवरलं. बॅगेच्या एका बाजूच्या कप्प्याला वाळू जास्तच चिकटली होती. नंदा रुमालानं झटकत होती, तरी सुटेना.

"ओली आहे," ती म्हणाली. मीही हो म्हटलं.

ग्रॅहमचं शेत

ग्रॅहम सत्तरीच्या पुढचा, उंच, अर्ध्या चड्डीत आणि गुडघ्यापर्यंतच्या रबरी बुटांत. त्यानं आधी चहा पाजला. तिथे कुठल्याही कामाआधी चहा होतो आणि तो घाईनं प्यायचा नसतो. नंदाला मिठी मारून तो नुसता पाठीवर थोपटत राहिला. मग आम्हाला त्यानं डोंगर दाखवला. घळीचं तोंड, लाल मातीचा उघडा पडलेला पट्टा, वरती झाडी. त्या झाडीमागे उतार. त्याच्याही वरची धार दाखवून तो गंभीरपणे म्हणाला की त्या धारेपलीकडे ड्रोन न्यायचा नाही. पलीकडे शेजारच्या माओरी कुटुंबाचं दफनस्थान आहे, आणि त्यांना आपण विचारलेलं नाही. ऋचा म्हणाली, अर्थात. तो म्हणाला, मी शेजारी उभा राहून सांगतो कुठवर जायचं ते.

त्यानं कुंपणातली वीज बंद केली. कुरणाच्या मधोमध, कुंपणापासून, गाडीपासून, दूध काढायच्या शेडपासून लांब आम्ही जागा धरली. मला त्याच्या बायकोचे जुने रबरी बूट दिले होते, त्यात माझी पावलं हिंदकळत होती. कुतूहलानं जमलेल्या वासरांना ग्रॅहमनं हाकललं.

ऋचा ड्रोन घेऊन फिरली. पहिल्यांदा नकार आला. दुसऱ्यांदा पडद्यावर हिरवी खूण.

"स्वीट ॲज!" ती ओरडली. नंदानं हात जोडले.

"थांबा," मी म्हटलं. "तपासू दे."

"मावशी, ग्रीन आहे!"

"हिरवं कोणीही दाखवतं. ड्रोन खाली ठेव आणि नकाशावरचा बाण कुठे आहे ते दाखव."

दुपारचा एक वाजून गेला होता. मी सूर्याकडे बघितलं, बाणाकडे बघितलं आणि ठणकावून सांगितलं, "साफ उलटं दाखवतोय. सूर्य दक्षिणेला आहे आणि हा सूर्याकडे तोंड करून उत्तर म्हणतोय."

ऋचा माझ्याकडे बघतच राहिली. मग अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "मावशी, इथे दुपारी सूर्य नॉर्थला असतो."

तोंडात मारल्यासारखं झालं. आल्यापासून मी नंदाच्या उत्तरेकडच्या खिडकीत ऊन घेत बसत होते, तिथेच पापड वाळवत होते, आणि माझ्या डोक्यात मात्र पुण्याचाच सूर्य! ग्रॅहमला कळलं तसा तो इतका हसला की त्याला गुडघ्यांवर हात टेकावे लागले. नंदाही हसली. हसा म्हटलं.

पण एकदा खोटी ठरले म्हणून तपासणी सोडायची नसते. मी ड्रोनचं नाक बरोबर दुधाच्या शेडकडे केलं. नकाशावर शेडचं छप्पर स्वच्छ दिसत होतं. बाण छपरावर यायला हवा होता, आणि तो बराच डावीकडे, ओढ्याकडे बघत होता.

"हे बघ. आता बोल."

ऋचानं पाहिलं. तिचा चेहरा पडला, पण ती हट्टालाही पेटली. "थोडाच ऑफ आहे. सॅटेलाइट्स आहेत ना. आय कॅन हँडल इट."

"शेडकडे जा म्हटल्यावर ओढ्याकडे जाणारं यंत्र तू त्या घळीत पाठवणार? झाडीत घुसलं तर काढायला कोण जाणार? धारेपलीकडे गेलं तर?"

"वारा वाढतोय! उद्या फुलं नसतील! मम्माला आज बघायचंय!"

"म्हणूनच म्हणतेय. आपल्याकडे एकच बॅटरी आहे आणि एकच ड्रोन."

आमचे आवाज चढले होते. वासरं पुन्हा जमली. मला खरंच राग आला होता, आणि भीतीही वाटत होती. ड्रोन गेला असता तर माझ्या बहिणीच्या डोळ्यांसमोर तिच्या नवऱ्याची वस्तू त्यानंच लावलेल्या झाडांत जाऊन पडली असती.

नंदा मध्ये आली. "राहू दे गं ताई. ऋचा, राहू दे. नाही दिसलं तर नाही. चहा पिऊन जाऊ घरी."

ती हे अगदी साधेपणानं म्हणाली. ऋचानं रागारागानं गळ्यातली बॅग काढून माझ्या हातात कोंबली आणि पाठ फिरवली.

माझ्या डाव्या हातात काचेच्या बांगड्या असतात आणि त्यांत दोन-तीन सेफ्टी पिना अडकवलेल्या असतात. आईची सवय, ती मला लागली. ऋचाचं घड्याळ काढायला लावणाऱ्या मला स्वतःच्या पिना दिसल्या नव्हत्या, ते सोडा. बॅग हातात घेतली आणि त्या पिना उभ्या राहिल्या. मी हात हलवला, तर त्या टक्कन बॅगेच्या बाजूच्या कप्प्याला जाऊन चिकटल्या. त्याच कप्प्याला, ज्याची वाळू सुटत नव्हती.

"नंदा," मी म्हटलं, "यात काय आहे?"

नंदानं चेन उघडून आतून रुमालात गुंडाळलेला गणपती काढला. गाडीत पुढे काचेपाशी ठेवतात तो, अंगठ्याएवढा, खाली जाड चुंबक असलेला.

"अविनाशच्या गाडीतला," ती म्हणाली. "गाडी विकली तेव्हा काढला. देवघरात ठेवायचा तर तिथे एक गणपती आहेच. टाकणार कुठे? म्हटलं, त्याच्या आवडत्या वस्तूजवळ असू दे. राखण करेल."

दोन वर्षं बाप्पा ड्रोनची राखण करत होते. आणि कालपासून ऋचाच्या छातीवर लटकून, तिच्याबरोबर गोल फिरत, त्याला चुकीची उत्तर दिशा शिकवत होते.

ऋचाला हसू येत होतं आणि रडूही. नंदाचा चेहरा मात्र पार उतरला. "म्हणजे माझ्यामुळेच?"

"तुझ्यामुळे नाही, चुंबकामुळे," मी म्हटलं. "दे इकडे."

बाप्पाला लांब न्यायला हवं होतं. गाडीत नेऊन ठेवायचा तर नंदा तयार होईना. बंद गाडीत एकटा? फाटकावर चिकटवायचा तर फाटकाला शेण. ऋचाला ड्रोन उडवायचा होता, ग्रॅहमला धार सांभाळायची होती, नंदाला बघायचं होतं. म्हणजे उरले मी. मी माझ्या पिना, बांगड्या आणि बाप्पाला घेऊन फाटकापर्यंत गेले. त्या बुटांतून चालत जाणं ही स्वतंत्र यात्रा होती.

तिथून मी ओरडून ओरडून सांगत होते. पुन्हा फिर. शेडकडे नाक कर. बाण कुठे आहे? "छपरावर!" ऋचा ओरडली. उलट बाजूला कर. आता? "ग्रॅहमच्या घरावर, परफेक्ट!" आता फक्त कमरेएवढा उचल आणि तसाच धर. ड्रोन उठला आणि एका जागी थांबला. ना सरकला, ना गोल फिरला. मी बराच वेळ तसाच धरायला लावला. मग म्हटलं, जा.

तो झाडीवरून गेला आणि दिसेनासा होईल इतका लहान झाला. ग्रॅहम हातानं दाखवत होता, इथवर, बस, आता डावीकडे. ऋचा आणि नंदा पडद्यावर वाकल्या होत्या, नंदानं ऊन लागू नये म्हणून ओढणीचा आडोसा धरला होता. मला त्यांच्या पाठी दिसत होत्या. मुठीत बाप्पा गरम झाला होता.

कितीतरी वेळ त्या दोघी तशाच वाकलेल्या होत्या. मला वाटलं, गेली सगळी. दरडीत गेली.

मग नंदाचा आवाज आला. "ताई! आहेत गं! आहेत!"

मी एवढंच ओरडले, "किती?"

"पिवळंधमक आहे गं सगळं!" आणि ती रडायला लागली. ग्रॅहमनं टोपी काढली. ऋचाचा एक हात आईच्या खांद्यावर होता, पण नजर पडद्यावरच होती. शहाणी मुलगी.

मी जागची हलले नाही. ड्रोन वर असेपर्यंत चुंबक घेऊन जवळ जायचं नाही, हे मीच सांगितलं होतं.

ड्रोन अगदी जिथून उठला तिथे येऊन उतरला, पाती थांबली, आणि मी धावत, म्हणजे त्या बुटांत जमेल तेवढं धावत गेले. "दाखवा," म्हटलं, "मला दाखवा."

ऋचानं पडद्यावर शोधलं. मग माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "मावशी... कार्ड."

कार्ड देवघराच्या खणात होतं. ड्रोननं तसं सांगितलंही होतं, कोपऱ्यात, छोट्या अक्षरांत. कोणाचंच लक्ष नव्हतं. पाती, पोळपाट, वाळू, सूर्य, बाण, सगळं तपासून झालं होतं आणि कार्ड कोणी तपासलं नव्हतं. बॅटरी संपत आली होती, वारा उठला होता, कुरणातलं गवत आडवं व्हायला लागलं होतं. ऋचा म्हणाली, "आय अ‍ॅम सो सॉरी." मी म्हटलं, जाऊ दे. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

परतताना

येताना बाप्पा गाडीत पुढे, काचेपाशी होता. नंदानं त्याला तिथे बसवलं आणि बॅग मागे माझ्याकडे दिली. सबंध वळणांच्या रस्त्यानं ती बोलत होती. दोन वर्षांत ती इतकं बोलली नव्हती, ऋचानं नंतर मला सांगितलं. खालची ओळ दरडीत गेली म्हणे. पण वरच्या दोन्ही शिल्लक आहेत, आणि मध्येच एक झाड आडवं पडलंय, मुळं उघडी, पण तेसुद्धा फुललंय. एक तुई पक्षी ड्रोनवर चाल करून आला. उताराला सगळ्यात वर, जिथे लावू नको म्हणून ग्रॅहम सांगत होता आणि अविनाश ऐकत नव्हता, तिथलं झाड सगळ्यात मोठं झालंय.

"तो ऐकायचाच नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.

रात्रीपासून वारा सुटला तो दोन दिवस. ग्रॅहमचा फोन आला, ओढा पिवळा झालाय.

आता इथे लोक मेंढ्यांचं विचारून झालं की विचारतात, न्यूझीलंडमध्ये सगळ्यात सुंदर काय? मी त्या उताराचं सांगते. खालची ओळ गेलेली, आडवं पडून फुललेलं झाड, वर न ऐकता लावलेलं सगळ्यात मोठं. लोक म्हणतात, फोटो दाखवा की. फोटो नाही, म्हणते. मग म्हणतात, नशीबवान हो तुम्ही, डोळ्यांनी पाहिलंत.

मी नाही पाहिलं. मी फाटकाशी उभी होते. नंदानं पाहिलं.